आधी गावाचा आठवडा, मग खून : इंग्लिश खेड्यातली रहस्यकथा लिहिताना

रविवारची सकाळ. दाराच्या पायरीवर दुधाची बाटली तशीच उभी आहे. तिच्या चंदेरी झाकणाला ब्लू टिट नावाच्या इवल्याशा पक्ष्यांनी चोचीने भोक पाडलंय आणि वरची साय खाल्लीय. या घराचा मालक रोज साडेसहाला बाटली आत नेतो, त्यामुळे पक्ष्यांना इतक्या वर्षांत कधी सवडच मिळालेली नव्हती. रस्त्यावरून जाणारी एक बाई बाटलीकडे बघते, थबकते आणि फाटकाची कडी काढून आत जाते.

इंग्लिश खेड्यातली खुनाची गोष्ट अशी सुरू होते. रोज घडणारी एक साधी गोष्ट आज घडलेली नसते आणि कुणाच्या तरी ते लक्षात येतं. या प्रकाराला कोझी मिस्टरी म्हणतात. खून पडद्याआड होतो, क्रौर्याचं वर्णन नसतं, पोलिसात नसलेलं एखादं साधं माणूस उलगडा करतं आणि शेवटी गाव पुन्हा आपल्या वाटेला लागतं. आपल्या दिवाळी अंकांनी रहस्यकथा मनापासून जोपासली आहे, तरीही हा प्रकार मराठीत लिहायला घेतला की बरेचजण आधी खून ठरवतात आणि मग त्याच्याभोवती गाव उभं करतात. मीही पहिल्यांदा तसंच केलं. खून चोख जमला, पण गावात कुणाला काही कामधंदाच नव्हता. सगळे जण चौकशीची वाट बघत घरात बसून होते, आणि ते वाचकाला लगेच जाणवलं.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी गावाचा एक संपूर्ण आठवडा कागदावर लिहायचा. कोण कधी कुठे असतं हे पक्कं झालं की खून कुठे बसतो ते आठवडाच दाखवतो. एक कल्पित उदाहरण घेऊन सगळ्या पायऱ्या सांगते.

वर्ष आणि परगणा ठरवा

‘इंग्लंडमधलं एक टुमदार खेडं’ असं खेडं कुठेच नसतं. कॉट्सवोल्डमध्ये घरं मधाच्या रंगाच्या चुनखडीची असतात. सफकमध्ये लाकडी सांगाडा आणि मध्ये गिलावा. डेव्हनमध्ये चिखल आणि पेंढा तुडवून केलेल्या जाड भिंती, त्यांना तिथे कॉब म्हणतात, वर गवताने शाकारलेलं छप्पर आणि खाली तांबडी माती. हा फरक केवळ देखाव्यापुरता नाही. माझ्या गोष्टीत फॉक्सग्लव्ह ही विषारी वनस्पती लागणार होती. तिला आम्लधर्मी माती मानवते. चुनखडीच्या प्रदेशात ती रानात फारशी दिसत नाही, डेव्हनच्या बांधाबांधावर मात्र भरपूर. गाव कॉट्सवोल्डमध्ये ठेवलं असतं तर ‘हिच्या बागेत ही आली कशी’ हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात उभा राहिला असता. तुम्हाला तोच प्रश्न हवा असेल तर गाव कॉट्सवोल्डमध्ये न्या. मला नको होता, म्हणून डेव्हन.

वर्ष मी १९५१ घेतलं. युद्ध संपून सहा वर्षं झाली तरी रेशनकार्ड चालूच होतं. चहा १९५२ मध्ये, साखर १९५३ मध्ये आणि मांस सगळ्यात शेवटी १९५४ मध्ये रेशनमधून सुटलं. रेशनच्या रांगा आपल्या वाचकाने आजी-आजोबांकडून ऐकलेल्या असतात, त्यामुळे तो या गावात चटकन शिरतो. शिवाय रेशन म्हणजे हिशेब, आणि हिशेब म्हणजे पुरावा. त्या काळात खुनाला फाशी होती. शेवटच्या दोन फाशा ऑगस्ट १९६४ मध्ये झाल्या, त्यानंतर १९६५ च्या कायद्याने शिक्षा स्थगित केली आणि १९६९ मध्ये ती खुनासाठी कायमची गेली. तेव्हा १९५१ मध्ये एखाद्याकडे बोट दाखवणं म्हणजे त्याला फासावर पाठवणं. तुमच्या शोधकर्तीला याची जाणीव असली पाहिजे. गोष्ट उबदार ठेवायची म्हणून हे वजन झाकू नका.

आजचं खेडं घ्यायचं असेल तर मोबाइल, सीसीटीव्ही आणि डीएनएचा बंदोबस्त आधी करा. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर दोन हजारांहून अधिक रेल्वे स्थानकं बंद झाली. त्यामुळे १९५१ मध्ये संशयित छोट्या आगगाडीने गावात उतरू शकतो, आज बहुधा नाही.

आता नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा आजचा नकाशा बघा. त्यावर हिरव्या तुटक रेषांनी सार्वजनिक पायवाटा दाखवलेल्या असतात. शेत कुणाचंही असलं तरी त्या वाटेने चालायचा हक्क सगळ्यांना असतो. आपल्याकडची बांधावरची वाट आणि त्यावरून होणारी भांडणं आठवली की हे लगेच समजेल. रस्त्याने दोन मैलांवर असलेलं घर पायवाटेने अर्ध्या मैलावर असतं, आणि ‘इतक्या वेळात मी तिथे पोचूच शकत नव्हतो’ हा बचाव तिथेच ढासळतो. आपलं कल्पित गाव कागदावर काढा. चर्च, व्हिकारचं म्हणजे गावच्या धर्मगुरूचं घर, पब, पोस्ट-कम-दुकान, शाळा, गावसभागृह, आणि सगळ्या पायवाटा. घरांची दारं कुठल्या दिशेला उघडतात तेही दाखवा. कोणाच्या खिडकीतून कोणाचं दार दिसतं यावर अर्धी गोष्ट उभी राहते.

आठवड्याचा तक्ता

मोठा कागद घ्या. वर सात वार, डावीकडे बारा-तेरा माणसं. प्रत्येक चौकोनात ते माणूस त्या वेळी नेहमी कुठे असतं ते लिहा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण दोन-तीन संध्याकाळी याला द्याच.

माझ्या गावात मंगळवारी व्हिकार आणि ऑर्गनवादक भेटून पुढच्या रविवारची स्तोत्रं ठरवतात. बुधवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ घंटांचा सराव. गुरुवारी ऑर्गनवादक रिकाम्या चर्चमध्ये एकटा वाजवत बसतो. शुक्रवारी पब. महिन्यातून एकदा गावसभागृहात विमेन्स इन्स्टिट्यूटची सभा. ही संस्था ब्रिटनमध्ये १९१५ मध्ये सुरू झाली, आधी वेल्समध्ये आणि लगेच इंग्लंडमध्ये. तिथे मुरंबा, केक आणि भरतकाम यांच्या स्पर्धा होतात, आणि त्या स्पर्धांतली चुरस खरीखुरी असते. रविवारी सकाळी प्रार्थना. दूधवाला, पोस्टमन आणि बाजाराच्या दिवशीची बस यांच्या वेळा ठरलेल्या.

बुधवारच्या चौकोनापाशी जरा थांबा. इंग्लिश चर्चच्या मनोऱ्यात सहा किंवा आठ मोठ्या घंटा असतात आणि प्रत्येक घंटेच्या दोराला एक माणूस लागतो. घंटा ठरावीक क्रम बदलत वाजवतात. डेव्हनच्या मंडळींची त्यातही स्वतःची जुनी रीत आहे. सरावाचा आवाज गावभर पोचतो. म्हणजे सहा घंटा वाजत असतात तेव्हा गावातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की ही सहा माणसं आत्ता घरी नाहीत. त्या काळच्या खेड्यात दाराला सहसा कुलूप नसतं. दीड तास तो मनोरा ओरडून सांगत असतो की अमक्याचं घर रिकामं आहे. मला माझा खून या चौकोनात सापडला.

आणखी एक चौकोन आपल्या वाचकाला अगदी नवा असतो. इंग्लंडमध्ये शरद ऋतूत एका शनिवारी रात्री घड्याळं एक तास मागे जातात. हा प्रकार १९१६ पासून चालू आहे. त्या रात्री एक तास दोनदा येतो. कुणाचं घड्याळ बदललेलं असतं, कुणाचं नाही, आणि ‘दहा वाजता’ म्हणजे नक्की किती यावर दहा पानं सहज भरतात. मी त्याच रात्री माझ्या माणसाला मरू दिलं. हा चकवा कसा चालतो ते पुढे सांगते.

कोण मरतं आणि का

मयत माणूस वाचकाला फार प्रिय असू नये आणि अगदी दुष्टही नसावा. माझा आर्थर अडुसष्ट वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला, अविवाहित, काटकसरी, घंटा वाजवणाऱ्यांपैकी एक. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे घर त्याच्या धर्मपुत्राला मिळणार आहे. धर्मपुत्र म्हणजे ज्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आर्थर पालक म्हणून उभा राहिला तो मुलगा. तोच आता गावचा ऑर्गनवादक, शांत, मेहनती, पन्नाशीकडे झुकलेला. आर्थरचा एक भांडखोर पुतण्याही आहे. त्याला काहीच मिळणार नाही, पण तसं त्याला वाटत नाही.

आता इंग्लिश कायदा. १८३७ च्या विल्स ॲक्टप्रमाणे माणसाने लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. अपवाद फक्त त्याच लग्नाचा विचार करून केलेल्या मृत्युपत्राचा. मराठी लेखकाला हे सहसा सुचत नाही, कारण आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागूच नाही. त्याच कायद्यात दुसरा एक नियम आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. या दोन नियमांवर कितीतरी गोष्टी रचता येतील.

आर्थरने गुपचूप लग्न ठरवलंय, पोस्ट सांभाळणाऱ्या विनिफ्रेडशी. चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी तीन रविवारी व्हिकार भर प्रार्थनेत दोघांची नावं वाचतो आणि कुणाची हरकत आहे का ते विचारतो. पहिलं वाचन ज्या रविवारी होणार, त्याच रविवारी सकाळी ती दुधाची बाटली पायरीवर राहते. त्यामुळे नावं वाचलीच जात नाहीत. गावाला लग्नाची कुणकुणही लागत नाही आणि हेतू कुणाला दिसत नाही. विनिफ्रेडला तर या मृत्यूतून काहीच मिळत नाही, ती अजून बायको झालेलीच नाही.

मग लग्न कुणाला माहीत होतं? व्हिकारला. आणि मंगळवारच्या भेटीत व्हिकारने ज्याला ‘नोव्हेंबरातला एक शनिवार मोकळा ठेव, हे एक नवं गाणं बसव’ असं सांगितलं, त्याला.

हेतू शोधताना पैशाच्या मागे धावू नका, धास्तीच्या मागे जा. वीस वर्षं जे घर आपलंच असं धरून एक माणूस जगला, ते एका सहीने जाणार आहे, तेही त्याच्याच ऑर्गनच्या सुरांवर. खुनी वाचकाला कळला पाहिजे आणि तो कळल्यावर वाईट वाटलं पाहिजे.

हत्यार

कोझीमध्ये विषाला मान आहे, कारण विष घरात, बागेत, कपाटात असतं आणि त्यासाठी दांडगाई लागत नाही. खुन्याला आणखी एक अडचण असते. खून करणाऱ्याला मयताची मालमत्ता मिळत नाही, हे इंग्लिश कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. त्यामुळे मृत्यू आजारासारखा दिसायला हवा.

विषाबद्दल जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच लिहा. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळातल्या औषधविभागात काम केलं होतं, म्हणून तिची विषं विश्वसनीय वाटतात. तुम्ही औषधांच्या दुकानात, प्रयोगशाळेत, रोपवाटिकेत काम करत असाल तर तुमच्या हातात तसंच भांडवल आहे. नसाल तर विषाचं नाव, लक्षणं आणि ते कशाशी चुकतं एवढं पुरे. किती दिलं वगैरे तपशिलांनी गोष्ट चांगली होत नाही. आर्सेनिकसारखी विकत घ्यायची विषं टाळलेली बरी. १८५१ च्या कायद्यापासून तिथे आर्सेनिक विकणाऱ्याला नोंदवही ठेवावी लागे, आणि खुन्याचं नाव वहीत सापडलं की गोष्ट तिथेच संपली.

माझा आर्थर सांधेदुखीसाठी रात्री कॉम्फ्री नावाच्या झुडपाच्या वाळलेल्या पानांचा काढा घेतो. इंग्लंडच्या घरगुती औषधांत ही पानं जुनी आहेत. फॉक्सग्लव्हची पानं कॉम्फ्रीसारखी दिसतात आणि त्या गोंधळाने खरोखरच माणसं दगावली आहेत. फॉक्सग्लव्हला फुलं दुसऱ्या वर्षी येतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा चक्राकार गुच्छ असतो. म्हणजे ऑक्टोबरात, एकही जांभळं फूल नसताना, पानं बांधावर हजर. हिचा परिणाम हृदयावर होतो. शिवाय काहींना मळमळतं, आणि पिवळंपिवळं किंवा दिव्याभोवती कडं दिसू लागतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्येच या वनस्पतीचे गुण-दोष बारकाईने लिहून ठेवले होते.

बुधवारी, घंटा वाजत असताना, आर्थरच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातली पानं बदलली गेली. शनिवारी रात्री कोण कुठे होतं याला मग काही अर्थच उरत नाही. पोलीस मात्र दहा प्रकरणं त्या दुहेरी तासाचा हिशेब मांडत बसतात. चांगला चकवा असा असावा: माहिती खरी, प्रश्न खरा, फक्त तो भलत्या दिवसाचा.

शोधकर्ती

हौशी शोधकर्त्याला दोन गोष्टी हव्यात. कुठल्याही दारावर थाप मारायचं निमित्त आणि एक कसब. हुशारी तिसऱ्या क्रमांकावर येते.

माझी हिल्डा निवृत्त शिक्षिका आहे, एकसष्ट वर्षांची. अर्ध्या गावाला तिने पाढे शिकवलेत. दर महिन्याला चर्चचं मासिक ती घरोघरी वाटते, त्यामुळे तिला दारात बघून कुणी ‘काय काम आहे’ असं विचारत नाही. शाळेत चाळीस वर्षं मुलांना पानं गोळा करायला पाठवून तिचे हात पानं ओळखतात.

कसब सांगायचं नसतं, दाखवायचं असतं. डब्याचा प्रसंग मी असा लिहिला:

हिल्डाने डबा उघडला. हिरवट-करडा चुरा, वास जुन्या गवताचा. तिने त्यातला जरा मोठा तुकडा उचलून अंगठा आणि तर्जनीमध्ये धरला. कॉम्फ्रीचं पान वाळलं तरी खरखरीत राहतं, त्याची लव बोटाला टोचते. हा तुकडा मऊ होता, लोकरीसारखा. ती खिडकीशी गेली. पानाची कड सरळ असायला हवी होती. इथे बारीक दाते होते, चिमणीच्या पिसाच्या टोकाएवढे. तिने तुकडा परत डब्यात टाकला नाही. रुमालात बांधला आणि नळाखाली दोनदा हात धुतले.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘हे विष आहे’ असं ती म्हणत नाही. तिचे हात ते सांगतात.

धागे पेरणं

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, आणि १९३० च्या सुमारास लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबच्या लेखकांनी त्याच भावनेची शपथ घेतली. गाभा एकच: शोधकर्त्याला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. दैवयोगाने किंवा आतल्या आवाजाने उलगडा करायचा नाही. मी हा नियम अक्षरशः पाळते. वाचक आपले दोन-तीन दिवस आपल्याला देतो, त्याला फसवणं वाईट.

धागा लपवायची उत्तम जागा म्हणजे दुसऱ्या कामाचं वाक्य. माझे चार धागे असे आहेत.

दुसऱ्या प्रकरणात विनिफ्रेड हिल्डाला चहा देते आणि स्वतःच्या कपात साखर घालत नाही. ‘सोडली मी उन्हाळ्यापासून,’ ती म्हणते, आणि बोलणं लगेच पोस्टाच्या तिकिटांवर जातं. वाचकाला वाटतं, तब्येत असेल. साखर रेशनवर आहे. विनिफ्रेड लग्नाच्या केकसाठी चमचा-चमचा साठवत होती.

आर्थर शुक्रवारी पबमध्ये तक्रार करतो की दिव्यांभोवती पिवळं कडं दिसतंय. तिथले लोक चष्म्याच्या डॉक्टरवर बोलू लागतात, कारण युद्धानंतर चष्मे सरकारी आरोग्यसेवेतून मिळू लागले होते आणि नुकताच त्यांवर आकार बसला होता. १९५१ च्या त्या चर्चेत पिवळं कडं बुडून जातं. पण त्याचा अर्थ असा की शनिवारच्या आधीच विष पोटात जात होतं.

तिसरा धागा मला सगळ्यात प्रिय आहे. पहिल्याच प्रकरणात, सुगीच्या प्रार्थनेच्या वेळी, व्हिकारची बायको वैतागून म्हणते की ऑर्गनवाला नवं गाणं मिळालं की त्याच दिवसापासून त्याच्या मागे लागतो, पार कान किटतात. मंगळवारी त्याला लग्नाचं नवं गाणं मिळालं. गुरुवारी संध्याकाळी हिल्डा चर्चजवळून जाते आणि तिला नेहमीची स्तोत्रं ऐकू येतात. एवढंच. त्या लिहिलेल्या चार ओळींत वाचकाला काहीच वावगं दिसत नाही. पंधरा प्रकरणांनंतर व्हिकार त्या गाण्याचा उल्लेख करतो तेव्हा हिल्डा आठवड्याचा हिशेब मांडते. जो माणूस ओळखीचं स्तोत्रसुद्धा तीन गुरुवार घोटतो, त्याने हे गाणं एकदाही का वाजवलं नाही? ते लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं म्हणून.

न वाजलेल्या गाण्याचा हा धागा तक्ता केला नसता तर मला सुचला नसता. गुरुवारचा चौकोन आधीपासून भरलेला होता, म्हणून तो रिकामा ठेवता आला.

चौथा धागा मऊ पानाचा, तो वर आलाच.

प्रत्येक धाग्यापुढे प्रकरणाचा आकडा लिहून ठेवा. शेवटचा धागा पुस्तकाच्या तीन चतुर्थांशाच्या आत पडलेला असावा. चकव्यांचाही हिशोब द्या. भांडखोर पुतण्या शनिवारी रात्री खोटं का बोलला? तो शेजारच्या मळ्यातून काळ्या बाजाराचं डुकराचं मांस आणायला गेला होता. प्रत्येक खोट्याला स्वतःचं कारण हवं, नाहीतर ते खोटं लेखकाचं ठरतं.

संशयित पाच पुरे. सहावा आला की वाचक वही काढतो.

पोलीस आणि कोरोनर

१९५१ मधला गावचा शिपाई पोलीस-घरात राहतो आणि सायकलवरून फिरतो. खुनाचा तपास जिल्ह्याच्या पोलीसदलातला इन्स्पेक्टर करतो. त्याला बावळट दाखवू नका. तो शनिवारचा तपास नीट करतो, त्याच्याकडे फक्त हिल्डाचा बुधवार नसतो.

डॉक्टरने आजारी माणसाला अलीकडे तपासलं नसेल किंवा मृत्यूबद्दल शंका असेल तर प्रकरण कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातं. जुन्या मुंबईकरांना हा शब्द परका नाही. कोरोनरच्या चौकशीत प्रश्न मोजकेच असतात: कोण मेलं, कधी, कुठे, कसं. १९७७ च्या आधी कोरोनरची ज्यूरी खुन्याचं नावही घेऊ शकत असे, त्यामुळे १९५१ च्या गोष्टीत हा प्रसंग फार जड असतो. ही चौकशी बहुधा गावसभागृहातच होते, जिथे परवा मुरंब्याची स्पर्धा झाली होती. माझी विनिफ्रेड तिथेच अडखळते. ‘आर्थरला...’ म्हणते आणि सावरून ‘मिस्टर पेनीकॉटना’ म्हणते. १९५१ च्या खेड्यात पोस्टातल्या बाईने गिऱ्हाइकाला नुसत्या नावाने हाक मारणं फार मोठी गोष्ट होती.

मराठीत लिहिताना

हा भाग मी प्रत्येक नव्या लेखकाला आग्रहाने सांगते, कारण इथे आपली भाषा मदतही करते आणि घातही.

मराठी क्रियापद लिंग उघड करतं. ‘अंधारात कोणीतरी आला’ असं लिहिलंत की अर्धे संशयित सुटले. उपाय दोन. एक, अनोळखी माणसासाठी नपुंसकलिंग: ‘कोणीतरी आलं होतं.’ दुसरा, आणि जास्त चांगला, कर्मणी प्रयोग. ‘कोणीतरी डबा उघडला, पानं ओतली, झाकण लावलं.’ इथे क्रियापद डब्याच्या, पानांच्या, झाकणाच्या मागे जातं आणि करणाऱ्याचं लिंग पूर्ण झाकलं जातं. खुन्याचा प्रसंग सकर्मक भूतकाळात लिहा. चालणं, येणं, थांबणं, बसणं अशी क्रियापदं तिथे टाळा.

निनावी पत्राचा मोह आवरा. ‘मी बघत होते’ या एका मात्रेवरून बाई पकडायची कल्पना गोड वाटते, पण तुमची पात्रं मुळात इंग्रजीत बोलतायत. इंग्रजी पत्रात ती मात्रा नसते. जो पुरावा त्या गावात असूच शकत नाही तो उलगड्यात वापरू नका. तू-तुम्हीचंही तसंच. विनिफ्रेड एकांतात आर्थरला ‘तू’ म्हणेल, चारचौघांत ‘तुम्ही’. त्याने त्यांची जवळीक वाचकाच्या मनात उतरेल, पण इन्स्पेक्टरला पुरावा म्हणून नाव आणि आडनाव यांतलाच फरक लागेल.

संबोधनं ठरवून टाका. हिल्डाला सगळे ‘मिस’ लावून आडनावाने हाक मारतील, तिचे जुने विद्यार्थी पन्नाशीचे झाले तरी. तिला ‘काकू’ किंवा ‘मावशी’ करू नका. ती तिथली आहे, तिथलीच राहू द्या. व्हिकारला आमच्या ओळखीतली मराठी ख्रिस्ती मंडळी सहज पाळक म्हणतील, तरी अँग्लिकन चर्चची उतरंड वेगळी असल्यामुळे मी व्हिकारच ठेवते. स्कोन, पब, केक चालतात. नसलेल्या वस्तूला ओढूनताणून मराठी नाव देण्यापेक्षा एका वाक्यात ती दिसेल असं लिहा.

नावं देवनागरीत वेगळी दिसली पाहिजेत. मार्था, मार्गारेट आणि मेरी एकाच गावात असल्या की वाचक दहाव्या पानावर हरवतो. माझी यादी मी पहिल्या अक्षरावरून लावते: आ, वि, हि, ब, ज. एका अक्षराला एकच माणूस.

उलगडा आणि फेरतपासणी

सगळ्यांना एका खोलीत बसवून भाषण करायची रीत जुनी आहे आणि वाचकाला ती आवडते, पण हिल्डाला ती शोभत नाही. ती गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये जाते आणि ऑर्गनवादकाला ते लग्नाचं गाणं वाजवून दाखवायला सांगते. तो नेहमी पहिल्याच दिवशी सुरांच्या कागदावर पेन्सिलने बोटांच्या खुणा करतो. हा कागद कोरा आहे. इन्स्पेक्टर मागच्या बाकावर बसलेला असतो. खुन्याला पळवायची, झटापट करायची गरज नाही. तो हात मांडीवर ठेवतो आणि कितीतरी वेळ काही बोलत नाही.

पहिला खर्डा संपला की तो उलटा वाचा, शेवटच्या प्रकरणापासून मागे. उलगड्यातलं प्रत्येक वाक्य ज्या प्रकरणात पेरलंय तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. मग तक्ता समोर घेऊन फक्त वेळा तपासा. ऑक्टोबरात डेव्हनमध्ये घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा त्या रविवारनंतर सहा वाजता कुणी खिडकीतून चेहरा ओळखत असेल तर तिथे दिवा लावा. त्यानंतर दोन वाचकांना शेवटची तीन प्रकरणं काढून उरलेलं द्या आणि संशय कुणावर ते कागदावर लिहून मागा. दोघांनीही ऑर्गनवादक लिहिला तर गुरुवारचे धागे फार ठळक आहेत. उलगडा वाचल्यावर दोघांनाही तो पटला नाही तर फार पुसट आहेत.

गावाचा शेवटचा प्रसंगही तक्त्यातूनच काढा. माझ्या गोष्टीत तो पुढच्या महिन्यातला आहे. हिल्डा मासिकाची प्रत घेऊन पोस्टात जाते. विनिफ्रेड चहा ठेवते, फडताळातून पत्र्याचा डबा काढते, झाकण उघडते. आत पाच महिन्यांची साखर आहे. ती हिल्डाच्या कपात दोन चमचे घालते, मग स्वतःच्या कपात दोन, आणि डबा उघडाच ठेवते.